रेशीम अळ्यांची ग्रासरी दर बॅचला परत का येते? शेडमध्ये काय तपासायचे, सोप्यापासून अवघडापर्यंत

लक्षणे आधी

मोल्टला, म्हणजे कात टाकायला, बसायची वेळ झाली की निरोगी अळी पाला सोडते, डोके वर धरते आणि जागची हलत नाही. ग्रासरी लागलेली अळी बसतच नाही. ती रॅकच्या कडेकडेने फिरते, फांदीच्या टोकाला जाते, कधी खाली जमिनीवर पडते. तिची कातडी ताणलेली, तुकतुकीत दिसते. पाचव्या अवस्थेत दोन वळ्यांमधला भाग फुगून अळी बांबूच्या पेरांसारखी दिसायला लागते. पांढऱ्या कोषाच्या जातीत अंग दुधाळ होते, पिवळ्या कोषाच्या जातीत पिवळट. कातडी इतकी नाजूक होते की बोट लागले तरी फाटते आणि पांढरे पाणी बाहेर येते. मेलेली अळी मागच्या पायांनी फांदी धरून उलटी लोंबकळते, मग काळी पडून गळते.

उशिरा लागण झालेल्या काही अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष बांधायच्या साधनावर, चढतातही. त्यांचे कोष पोचट होतात, किंवा अळी आतच सडून शेजारचे चार चांगले कोष डागाळते. हा तोटा शेडमध्ये दिसत नाही, जालन्याच्या मार्केटमध्ये प्रत बघताना दिसतो.

जालना-बीड पट्ट्यात शेडोशेडी फिरताना हाच एक रोग मी सगळ्यात जास्त वेळा पाहिला आहे. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पहिले वाक्य ठरलेले असते: "भाऊ, अंडीपुंजच खराब आले." (अंडीपुंज म्हणजे एका मादी पतंगाची अंडी.) दुसरे वाक्य: "हवामानामुळं झालं." दोन्हींत थोडे तथ्य असू शकते. पण एकाच शेडमध्ये तीन बॅचला ओळीने ग्रासरी आली, तर रोग बाहेरून येत नाही, तो तिथेच मुक्कामाला आहे, असे धरून चालायचे. खालचा सगळा क्रम त्याला हुडकण्यासाठी आहे.

हा विषाणू आहे तरी काय

ग्रासरी होते बीएमएनपीव्ही या विषाणूमुळे. पतंग आणि फुलपाखरांच्या अळ्यांना लागणाऱ्या बॅक्युलोव्हायरस कुळातला हा. अळीच्या पेशींच्या केंद्रकात तो वाढतो आणि शेवटी स्वतःभोवती प्रथिनाचे कवच बांधतो. हे अनेक कोनांचे चकचकीत स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली सहज दिसतात; त्यांना पॉलिहेड्रा म्हणतात. अळीतून सांडणारे ते दुधाळ पाणी या स्फटिकांनी भरलेले असते. एका अळीत ते कोट्यवधी असतात.

कवचातला विषाणू वर्षानुवर्षे टिकतो. जमिनीच्या भेगेत, रॅकच्या सांध्यात, चंद्रिकेला चिकटलेल्या रेशमी तंतूंत, जिथे ऊन पोहोचत नाही तिथे तो पडून राहतो. कवच विरघळते ते आम्लारीत, आणि रेशीम अळीचे आतडे चांगलेच आम्लारीधर्मी असते. पाल्याबरोबर कवच पोटात गेले की विरघळते आणि विषाणू मोकळा होतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे चुन्याचा विषय येईल तेव्हा लागेल.

माणसाला हा रोग होत नाही. घरातल्या बाया अळ्या वेचताना घाबरतात, म्हणून सांगतो. उलट याच कुळातल्या विषाणूकडून माणूस कामे करून घेतो: पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्होव्हॅक्स लशीतले प्रथिन बॅक्युलोव्हायरस वापरून, मक्यावरच्या लष्करी अळीच्या पेशींत तयार केलेले असते.

पहिली तपासणी: टाचणी

खर्च शून्य. संशय असलेली अळी बेडपासून लांब न्या, तिच्या मागच्या एका पायाला टाचणी टोचा आणि थेंब काचेवर घ्या. निरोगी अळीचे रक्त पारदर्शक, किंचित पिवळसर असते. ग्रासरीचे गढूळ, दुधासारखे. टाचणी आणि काच लगेच ब्लिचिंगच्या द्रावणात टाका, अळीही तिथेच.

हे आधी करायचे कारण असे की अर्ध्या वेळेला माणूस भलत्याच रोगावर औषध मारत असतो. अळी मऊ पडली, पातळ संडास आणि उलटी, मेल्यावर काळी पडून वास मारते, पण रक्त दुधाळ नाही, तर तो फ्लॅचरी. मेलेली अळी कडक होऊन खडूसारखी पांढरी झाली तर मस्कार्डिन. ती बुरशी आहे आणि तिचे कारण ओलाव्यात सापडेल. अळ्या एकदम हिरवे ओकतात, डोके झटकतात, आखडतात आणि काही तासांत निम्मे रॅक झोपते, तर शेजारच्या कापसावरची किंवा सोयाबीनवरची फवारणी पाल्यावर आली आहे. पाचव्या अवस्थेत अळ्या जाड, चकचकीत राहिल्या, दिवस उलटले तरी कोष करीनात, पण रक्त स्वच्छ आहे, तर कीटकांची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश पाल्यात असण्याची शक्यता मोठी. या शेवटच्या प्रकाराला बरेच जण ग्रासरी समजतात.

इथेच एक नेहमीचा प्रश्न. शेजारी हरभऱ्यावर घाटे अळीसाठी एचएएनपीव्ही मारतो, त्याने आपल्या अळ्या मरतील का? नाही. तो विषाणू घाटे अळीचा आहे, रेशीम अळीला लागत नाही. शेजारी बीटी जिवाणूची पावडर मारत असेल तेव्हा मात्र पाल्याची चिंता करा. तो जिवाणू जपानमध्ये १९०१ साली सापडला तोच मुळी मरणाऱ्या रेशीम अळ्यांमध्ये.

दुसरी तपासणी: कॅलेंडर

हीसुद्धा फुकट, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत लहान वयात चार-पाच दिवस आणि मोठ्या वयात पाच ते सात दिवस जातात. म्हणून पहिली दुधाळ अळी ज्या दिवशी दिसली तिथून बोटांवर मागे मोजा.

चॉकी, म्हणजे सेंटरमध्ये वाढवलेल्या लहान अळ्या, साधारण दुसऱ्या मोल्टनंतर आपल्याकडे येते. तिसऱ्या मोल्टच्या आतच ग्रासरी दिसली तर लागण चॉकीतच झालेली आहे. त्याच दिवशी चॉकी सेंटरला फोन करा आणि त्याच लॉटच्या इतर शेतकऱ्यांकडे काय स्थिती आहे ते विचारा. दोन-तीन जणांकडे एकाच वेळी दिसली तर प्रश्नच मिटला. पहिली अळी चौथ्या मोल्टनंतर, पाचव्या अवस्थेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसली, तर लागण चौथ्या अवस्थेत, तुमच्या शेडमध्ये झाली. चौथ्या अवस्थेतच दिसली तर दोन्ही शक्यता उरतात आणि पुढच्या तपासण्या कराव्याच लागतात.

पहिल्या अळ्या पाच-दहाच असतात म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण त्या फुटून पाल्यावर जे सांडते त्याची दुसरी लाट पाच-सात दिवसांनी येते, म्हणजे नेमकी कोष बांधायच्या तोंडावर. चौथ्या अवस्थेतल्या दहा अळ्यांचा हिशेब पाचवीच्या शेवटी होतो.

अंडीपुंजांबद्दल: पेब्रीन हा रोग मादी पतंगाकडून अंड्याच्या आतून पुढच्या पिढीत उतरतो. ग्रासरी मुख्यतः तोंडावाटे पसरते. अंड्याच्या कवचावर बाहेरून चिकटून ती येऊ शकते, म्हणूनच अंडी निर्जंतुक करून दिली जातात. तेव्हा पाचव्या अवस्थेतली ग्रासरी अंडीपुंजांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

कॅलेंडरबरोबर जागाही लिहा. कागदावर रॅकचा आराखडा काढून जिथे रोगट अळी सापडेल तिथे फुली मारा. फुल्या दाराजवळ जमल्या तर पायाने येतेय. सगळ्यात खालच्या कप्प्यात जमल्या तर जमीन दोषी. पत्र्याजवळच्या वरच्या कप्प्यात जमल्या तर उष्णता.

तिसरी: उष्णता, गर्दी, ओला पाला

उष्णतेने विषाणू जन्मत नाही. पण थोडी लागण झालेली अळी २५ अंशाला कदाचित तग धरेल, ती ३५ला ढासळते. मोठ्या अळ्यांना २४ ते २६ अंश तापमान आणि ६५ ते ७५ टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यात मराठवाड्यात हे जमवणे सोपे नाही हे मान्य. तरी पत्र्यावर पाचट, बाजूला ओले गोणपाट आणि दुपारी वारा खेळता ठेवला तर बराच फरक पडतो. थर्मामीटर मधल्या कप्प्यात लावा आणि दुपारी दोन व पहाटे पाच, दोन्ही आकडे लिहा. दिवस-रात्रीतला मोठा फरक हाही अळीवर ताणच. पावसाळ्याच्या तोंडाला ग्रासरी उसळते त्यात या चढउताराचा वाटा असतो.

गर्दी बघा. १०० अंडीपुंजांतून चाळीस-पन्नास हजार अळ्या निघतात. पाचव्या अवस्थेत त्यांना ६०० ते ७०० चौरस फूट बेड लागतो. चांगला भाव दिसला की तेवढ्याच रॅकवर १५० अंडीपुंज घेतले जातात, मग अळीवर अळी चढते, पायांच्या नख्यांनी कातडी खरचटते आणि त्या जखमेतून विषाणूला सरळ रक्तात वाट मिळते. ओला किंवा तापलेला पाला टाकू नका. पाचवीत कोवळी शेंडी आणि पिवळी जून पाने दोन्ही टाळा.

चौथी: हात, पाय आणि मेलेली अळी

रोगट अळी हाताने वेचून तोच हात पाल्याला लागला की वेचणीचा उपयोग संपला. चिमटा किंवा काड्या वापरा, अळी फुटू देऊ नका, आणि वेचण्याचे काम पाला टाकून झाल्यावर करा. जवळ झाकणाचे भांडे ठेवा, त्यात ब्लिचिंग-चुन्याचे द्रावण. संध्याकाळी ते सगळे शेडपासून लांब खड्ड्यात पुरा.

कडेला फिरणाऱ्या अळ्या आधी वेचा. ते फिरणे विषाणूच करवून घेतो. त्यामागचा विषाणूचा जनुकही संशोधकांनी २००५ साली दाखवून दिला. फिरती अळी म्हणजे रोग पसरवत जाणारी अळी.

मेलेल्या अळ्या कोंबड्यांना टाकू नका. पक्ष्याच्या पोटातून हे स्फटिक धडधाकट बाहेर पडतात आणि कोंबडी नेमकी शेडच्या दारातच विष्ठा टाकते. बेडचा कचरा कच्चाच तुतीत टाकायचा नाही. खड्ड्यात पूर्ण कुजू द्या.

दारात ब्लिचिंगच्या द्रावणात भिजवलेले गोणपाट ठेवा आणि रोज बदला. धूळमातीत क्लोरीन लवकर संपतो. चार दिवसांचे गोणपाट म्हणजे नुसते ओले गोणपाट. शेडची चप्पल वेगळी. दुसऱ्याची ग्रासरीची बॅच बघून आलेला माणूस, मी धरून, अंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय आत नको.

पाचवी: निर्जंतुकीकरण नुसते केले की नीट केले

दर बॅचला ग्रासरी येणाऱ्या शेडमध्ये मला दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो. "केलंय की ब्लिचिंग," असे सगळेच सांगतात. मग मी चार प्रश्न विचारतो.

पावडर कुठली? ब्लिचिंगमध्ये किमान ३० टक्के उपलब्ध क्लोरीन हवा. ग्रामपंचायतीच्या टाकीजवळ उघडी पडलेली गोणी फुकट मिळते, पण तिच्यातला क्लोरीन कधीच उडून गेलेला असतो. कोरडी, मोकळी, नाकाला झोंबणारी पावडर घ्या. गोळे झालेली, ओलसर, वास मंदावलेली असेल तर टाकून द्या.

चुना घातला का? प्रमाण २ टक्के ब्लिचिंग आणि ०.३ टक्के विझवलेला चुना, म्हणजे १०० लिटर पाण्याला २ किलो पावडर आणि ३०० ग्रॅम चुना. हा चुना शोभेचा नाही. आम्लारीत स्फटिकाचे कवच विरघळते हे वर आले आहे. चुना कवच उघडतो आणि आतल्या विषाणूला क्लोरीन मारतो. चुन्याशिवाय ब्लिचिंग मारले तर मुक्कामी पाहुणा कवचातच राहतो. चुनाही ताजा विझवलेला, हवाबंद ठेवलेला हवा. उघडा राहिला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा खडू होतो.

किती मारले? दर चौरस मीटर जमिनीला २ लिटर द्रावण. ५० बाय २० फुटांचे शेड म्हणजे १,००० चौरस फूट, साधारण ९३ चौरस मीटर. नुसत्या शेडलाच १९० लिटरच्या आसपास लागते. रॅक, जाळ्या, चंद्रिका आणि बाहेरचा ओटा यांचे वेगळे. प्रत्यक्षात मी दोन पंपांत, म्हणजे तीस-बत्तीस लिटरमध्ये शेड "उरकलेले" पाहतो. सगळे पृष्ठभाग निथळेपर्यंत भिजले पाहिजेत आणि अर्धा तास तरी ओले राहिले पाहिजेत.

कधी मारले? कोष काढल्यावर लोक आधी झाडतात, रॅक आपटतात, तंतू ओढतात, मग फवारतात. हे उलटे आहे. त्या झाडण्याने वाळलेली घाण धुळीबरोबर सगळ्या शेडमध्ये उडते. कोष निघाले की त्याच दिवशी, काही न हलवता, पहिली फवारणी. मग साफसफाई, धुणे आणि जाळ्या-चंद्रिका उन्हात. अळ्या यायच्या दोन-तीन दिवस आधी दुसरी फवारणी.

लोखंडी रॅक ब्लिचिंगने गंजतात. तिथे क्लोरीन डायऑक्साइडवर आधारलेले सॅनिटेकसारखे निर्जंतुक चांगले, थोडे महाग पडते. फॉर्मेलिन बंद होणाऱ्या पक्क्या खोलीत, २५ अंशांच्या वर आणि २४ तास हवाबंद ठेवले तरच काम करते. शेडनेटच्या शेडमध्ये ते फवारणे म्हणजे पैसे आणि डोळे दोन्ही खराब करणे. ब्लिचिंग आणि फॉर्मेलिन एकत्र कधीच मिसळू नका. मास्क, हातमोजे, चष्मा घाला.

सहावी: बेडवरची धुरळणी

विजेता किंवा अंकुशसारखी पावडर मोल्टमधून अळ्या उठल्यावर, पहिला पाला टाकायच्या अर्धा तास आधी धुरळायची. आणखी एकदा पाचव्या अवस्थेच्या चौथ्या दिवशी. लोक ही शेवटची वेळ चुकवतात, आणि दुसरी लाट नेमकी तेव्हाच आकार घेत असते. प्रमाण पुडीवर असते, तेच पाळा. मोल्टला बसलेल्या अळ्यांवर फक्त चुन्याची भुकटी, बेड कोरडा राहावा म्हणून. ही पावडर अळीच्या अंगावरचा आणि बेडवरचा विषाणू मारते. पोटात गेलेला मारत नाही.

पोटात गेलेल्याला औषध नाही. ग्रासरीवर प्रतिजैविकाचा काही उपयोग होत नाही, ती जिवाणूंसाठी असतात. "टॉनिक पाल्यावर मारा, अळी सुधारते" असे सांगणाऱ्याला एकच विचारा: टोचल्यावर दुधाळ निघणारी अळी तुमच्या टॉनिकने कोष करेल का? तेवढ्या पैशात चांगली ब्लिचिंग पावडर येते.

सातवी: तुतीचा बाग

वरचे सगळे नीट असून रोग येतोच, तर बागेत जा. पाने गुंडाळणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव असेल तर ती पाने तोडून नष्ट करा; ती अळीही या विषाणूला आसरा देऊ शकते. जुना बेडचा कचरा कुठे पडला आहे, शेड धुतल्याचे पाणी कोणत्या सरीत जाते, हे बघा. फांद्यांना लागलेल्या चिखलाबरोबर विषाणू परत बेडवर येतो.

आठवी, आणि खिशाला झोंबणारी: मोकळा काळ

एका कोपऱ्यात कोष बांधणे चालू आणि दुसऱ्या कोपऱ्यात नवी चॉकी उतरली. भाव चांगला असला की हे सर्रास चालते. अशा शेडमध्ये निर्जंतुकीकरण कधी होतच नाही, कारण शेड कधी रिकामे होत नाही. जुन्या बॅचच्या शेवटच्या, रोगट, रेंगाळलेल्या अळ्या आणि नवी नाजूक पिल्ले एकाच हवेत. इथे उपाय एकच: एक बॅच सोडा. शेड पूर्ण रिकामे करा, दोन्ही फवारण्या करा, मध्ये ऊन-वारा लागू द्या. भावकीत दोघांचे सामाईक शेड असेल तर दोघांनी एकाच तारखेला चॉकी घ्यायची. हे पटवून देणे निर्जंतुकीकरणापेक्षा अवघड जाते.

मातीची, शेणाने सारवलेली जमीन असेल तर कोबा करून घ्या. भेगा पडलेली जमीन कितीही फवारली तरी खालपर्यंत भिजत नाही. मोठी दुरुस्ती आहे, म्हणून ती शेवटी सांगतो. खालच्या कप्प्यातल्या फुल्या कमी होत नसतील तरच हा खर्च करा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

चौथ्या मोल्टच्या आधीच प्रत्येक कप्प्यात रोज दुधाळ अळ्या सापडत असतील, तर त्या बॅचला पाला घालत बसू नका. माझा सल्ला बॅच काढून टाकण्याचा असतो, पण तो निर्णय एकट्याने घेऊ नका. जिल्हा रेशीम कार्यालयातल्या तांत्रिक माणसाला बोलवा. विमा किंवा योजनेचे काही असेल तर नष्ट करण्याआधी त्यांनी बघितलेले बरे.

अळ्या एकसारख्या वाढत नाहीत, मोल्ट मागेपुढे होतो, अंगावर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसतात आणि रक्त दुधाळ नाही, तर पेब्रीनचा संशय. हा घरगुती तपासणीचा विषय नाही. लुई पाश्चर १८६५ पासून काही वर्षे फ्रान्समधल्या आलेसला याच रोगामागे होता, आणि मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत तिथूनच रुळली. पेब्रीन ठरला तर बॅच जाळावी लागते आणि अंडीपुंजांचा लॉट क्रमांक कळवावा लागतो. नाही कळवला तर तोच लॉट आणखी पन्नास शेडमध्ये जातो.

विषबाधेचा संशय असेल तर पाल्याचा नमुना त्याच दिवशी बाजूला काढा.

आणि वरच्या पाच ते आठ क्रमांकाच्या गोष्टी पूर्ण केल्यावरही लागोपाठ दोन बॅचला टाचणीला दूधच लागले, तर अंदाज बांधणे बंद करा. केंद्रीय रेशीम मंडळाचे जवळचे केंद्र किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातला रेशीम संशोधन विभाग गाठा. नमुना म्हणून सडलेल्या अळ्या नेऊ नका. नुकत्या फिरायला लागलेल्या, जिवंत दहा-बारा अळ्या छिद्रे पाडलेल्या डब्यात न्या, वेगळ्या डब्यात तेवढ्याच निरोगी दिसणाऱ्या. सोबत चॉकी आल्याची तारीख, पहिली रोगट अळी दिसल्याची तारीख, तापमानाची वही आणि तो फुल्यांचा कागद द्या. डबे उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि परत आल्यावर ते ब्लिचिंगमध्ये बुडवा.